गाळ काढण्याआधी गळती शोधा

‘गाळ काढला की तलावाची पातळी आपोआप टिकते’ हे तलाव आटण्यावरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. गाळ काढल्याने साठवण वाढते, पातळी नाही. येणारं पाणी तेवढंच राहिलं तर खोल झालेल्या तलावात ते आणखी खालीच दिसणार, आणि बोटींचा धक्का कोरडा तो कोरडाच! शिवाय यंत्राने सरसकट खरवडताना तळाचा चिकणमातीचा थर फाटला, तर आधी नसलेली गळती सुरू होते. या धोक्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं.

आधी पाणी जातं कुठे ते बघा. बाष्पीभवन थोडंथोडकं नसतं: 10 हेक्टरच्या तलावातून दिवसाला 5 मिलिमीटर उडालं तरी 5 लाख लिटर गेले. पण सगळा दोष उन्हाला देऊनही चालत नाही. आम्ही आमच्या तलावाच्या काठाजवळ पाण्यात एक बादली अर्धी बुडवून ठेवली, आत-बाहेर पातळी सारखी करून खुणा केल्या. पाऊस नसलेल्या दिवसांत बादलीपेक्षा तलाव स्पष्टपणे जास्त उतरला. बादलीतलं पाणी फक्त उडून जातं; आवक-जावक बंद असल्यामुळे तो फरक झिरप्याचाच होता. मग बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी, ऐन उन्हाळ्यातही हिरवंगार लव्हाळं आणि पायाखाली दबणारी ओली माती सापडली. अशा ठिकाणी बांध दुरुस्त न करता वरून बोअरचं पाणी सोडत राहणं म्हणजे वीज आणि भूजल दोन्ही वाया घालवणं.