सात फॉर्म, एक माणूस आणि ‘अनडिफाइन्ड_२’

आज सकाळी एका ईमेलला सात पीडीएफ जोडून आले. खाली ठळक अक्षरांत, ‘सर्व फॉर्म भरता येण्याजोगे आहेत, कृपया पूर्ण भरून पाठवावेत.’ सातही एकाच कामाचे, एकाच कार्यालयाचे, एकाच माणसाची माहिती मागणारे. नाव अकरा ठिकाणी. पत्ता आठ ठिकाणी, कुठे एका ओळीत, कुठे पाच तुकड्यांत. जन्मतारीख कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. आणि या सगळ्याला डिजिटल म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, कॉपी-पेस्ट कर आणि गप्प बस. नाही करणार. कारण या त्रासाला औषध आहे, जुनं आहे, फुकट आहे, आणि फॉर्म बनवणाऱ्याने अर्धा तास दिला असता तर हा सातचा गठ्ठा एकाच बैठकीत उरकला असता.

मूळ गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. पीडीएफमधल्या रकान्याची ओळख त्याच्या जागेवरून ठरत नाही, त्याच्या शेजारी काय छापलंय त्यावरूनही ठरत नाही. ती ठरते फील्डच्या नावावरून. हे नाव भरणाऱ्याला दिसत नाही, ते आत असतं. एका पीडीएफमध्ये दहा रकान्यांना हुबेहूब तेच नाव दिलं, तर ते दहा रकाने नसतातच. फील्ड एकच आणि त्याच्या दहा खिडक्या. एकीत लिहा, बाकीच्या नऊ आपोआप भरतात. त्यासाठी कोड लागत नाही, प्लगइन लागत नाही. १९९६ साली आलेल्या पीडीएफ १.२ पासून फॉर्म आहेत आणि तेव्हापासून ही सोय त्यात आहे.

आता सकाळच्या गठ्ठ्यात आत काय निघालं ते बघा. अर्जदाराचं नाव पहिल्या फॉर्मात ‘फुलनेम’. दुसऱ्यात ‘नेम’. तिसऱ्यात ‘टेक्स्ट१’. चौथ्यात ‘अनडिफाइन्ड_२’. हे शेवटचं कुठल्याही माणसाने ठेवलेलं नाव नाही. ॲक्रोबॅट या अडोबीच्या पीडीएफ-सॉफ्टवेअरला ‘फील्ड तूच शोध’ असं सांगितलं की ते रेघा आणि चौकटी हुडकतं, जवळच्या छापील मजकुरावरून नाव ठेवतं, आणि मजकूर सापडला नाही की ‘अनडिफाइन्ड’ ठेवून मोकळं होतं. तोच मजकूर पुन्हा दिसला तर मागे आकडा चिकटवतं. म्हणजे कुणीतरी एक बटण दाबलं, निळ्या चौकटी उमटलेल्या बघितल्या आणि ‘झाला फॉर्म’ म्हणून चहाला गेलं.

एकदाच बसून नावं नीट ठेवली असती तर? सातही कोरे फॉर्म जोडून एक पीडीएफ करायचा, वरचं पान भरायचं, संपलं. जोडताना दोन खड्डे आहेत, ते माहीत असावेत. पहिला, फॉर्म कोरेच जोडायचे. आधी भरलेले जोडले आणि एकाच नावाच्या फील्डमध्ये वेगवेगळा मजकूर असला, तर एक टिकतो आणि बाकीचे चुपचाप जातात. दुसरा खड्डा याहून वाईट. ‘तारीख’, ‘रक्कम’, ‘शेरा’ ही नावं प्रत्येक फॉर्मात असतात आणि प्रत्येकात त्यांचा अर्थ वेगळा असतो. जोडल्यावर तीही एक होतात. तिसऱ्या फॉर्मात रक्कम लिहिली की सहाव्यातली बदलते, आणि छापून सही होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

यावरचा उपाय नावातच आहे: टिंब. ‘अर्जदार.आडनाव’ हे सगळीकडे तेच ठेवायचं, आणि जे त्या फॉर्मापुरतं आहे त्याला ‘फॉर्म३.रक्कम’ असं खास नाव द्यायचं. पीडीएफमध्ये टिंब नुसतं शोभेचं नसतं, त्याने आई-मुलाचं नातं तयार होतं. म्हणून एकदा ‘अर्जदार’ हे आईचं नाव झालं की नुसतं ‘अर्जदार’ नावाचं वेगळं फील्ड करता येत नाही. सॉफ्टवेअर अडून बसतं आणि लोक त्यालाच शिव्या घालतात. आणखी एक बारकावा: खिडकीगणिक अक्षरांचा आकार वेगळा ठेवता येतो, पण जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील ही मर्यादा फील्डची असते, खिडकीची नाही. एका ठिकाणी ऐसपैस आणि दुसऱ्या ठिकाणी वीस, असं एका नावाखाली चालत नाही.

भरणाऱ्याला समजेल असं वर्णन कुठे द्यायचं, असं कुणी विचारेल. त्यासाठी टूलटिपची वेगळी जागा आहे. माउस नेला की तेच दिसतं, आणि अंध वापरकर्त्यांचं स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतं. आतलं नाव रुक्ष असू दे, सगळीकडे एक असू दे. लिबरऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बनवत असाल तर पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत एकच नाव अनेक फील्डना चालू द्यायचं की नाही, याचा छोटा चौकोन आहे. त्यावर खूण केली नाही तर तुम्ही सारखी ठेवलेली नावं ते बाहेर पडताना वेगळी करून टाकतं. मग माणूस डोकं धरून बसतो.

बरं, फाइली वेगळ्याच ठेवायच्या असतील तर? तोही रस्ता आहे. एका फॉर्मातला डेटा एफडीएफ किंवा एक्सएफडीएफ फाइलीत (या फाइलींत फॉर्म नसतो, नुसती फील्डची नावं आणि त्यांतला मजकूर असतो) काढायचा आणि बाकीच्या सहांत आत घ्यायचा. जिथे नाव जुळतं तिथे भरतं. जिथे जुळत नाही तिथे काहीही होत नाही. चूक दाखवत नाही, हूं की चूं करत नाही. सकाळच्या गठ्ठ्यावर हे केलं तर सात फॉर्मांत जुळणारं नाव निघालं फक्त एक, ‘डेट’. आणि त्याचा अर्थ दोन फॉर्मांत वेगळा. हसावं की रडावं!

मराठी मजकूर असेल तर एक्सएफडीएफच घ्या. ते यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातलं साधं एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला मजकूर, असतं, नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येतं. एफडीएफमध्ये देवनागरी जायची तर सहसा यूटीएफ-१६ हा दुसरा संकेत लागतो आणि प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला खुणेचे दोन बाइट लागतात. ते चुकले की ‘आडनाव’च्या जागी किडे-मुंग्या.

फॉर्म दुसऱ्याचे आहेत आणि नावं बदलायची सोय नाही, अशा वेळी (म्हणजे बहुतेक वेळा) एक तक्ता करावा लागतो. पीडीटीके नावाचं फुकट साधन आहे, कमांड लिहून चालवायचं. त्याच्या ‘डम्प डेटा फील्ड्स’ने प्रत्येक फॉर्ममधल्या सगळ्या फील्डची यादी निघते. मग स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक बाब: डावीकडे आपलं नाव, पुढे सात कॉलम, प्रत्येकात त्या फॉर्मने त्या बाबीला ठेवलेलं नाव. ‘अनडिफाइन्ड_२’ म्हणजे नेमकं कोण हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी फॉर्म उघडून प्रत्येक रकान्यात त्याचंच नाव टाइप करून बघायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच. पुढे त्या तक्त्यावरून सात एक्सएफडीएफ तयार करायचे आणि पीडीटीकेच्या ‘फिल फॉर्म’ने ओतायचे.

तक्ता करताना माहिती जितकी बारीक तुकड्यांत ठेवाल तितकं सुख. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव वेगळं. दिवस, महिना, साल वेगळं. जोडणं सोपं असतं, तोडणं नाही. तारखेत तर हे करायलाच हवं, कारण हाताने टाइप करताना ॲक्रोबॅटमधली स्क्रिप्ट तारीख पुन्हा मांडून घेते, पण बाहेरच्या साधनाने भरलं की ती स्क्रिप्ट बहुधा चालतच नाही, दिलं ते तसंच बसतं. ०५/०८ म्हणजे मे की ऑगस्ट, हे मग वाचणाऱ्याच्या नशिबावर.

चेकबॉक्सचा वेगळाच छळ. टिक म्हणजे ‘हो’ नसतं, प्रत्येक चौकोनाची स्वतःची एक किंमत असते. एका फॉर्मात ‘यस’, दुसऱ्यात ‘ऑन’, तिसऱ्यात ‘१’. रोमन अक्षर लहान की मोठं, याचाही फरक पडतो. चुकीची किंमत पाठवली की चौकोन रिकामाच राहतो, तक्रार न करता. पीडीटीकेच्या यादीत प्रत्येक चौकोनाला चालणाऱ्या किमती दिलेल्या असतात, त्या जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या.

आणि तो प्रसिद्ध गोंधळ: सगळं भरलं, फाइल उघडली, कोरी! रकान्यात क्लिक केलं की मजकूर दिसतो, बाहेर क्लिक केलं की गायब. भूतबित काही नाही. फील्डमध्ये दोन गोष्टी असतात, किंमत आणि त्या किमतीचं काढलेलं चित्र. साधनाने किंमत बदलली, चित्र जुनंच राहिलं. पीडीटीकेत ‘नीड ॲपिअरन्सेस’ लिहिलं की उघडणाऱ्या प्रोग्रामला चित्र नव्याने काढायचा निरोप जातो. देवनागरीसाठी हे लागतंच, कारण अशा फॉर्मांत फाँट बहुतेकदा हेल्वेटिका असतो आणि त्यात देवनागरी नाही. त्याच आदेशात फॉर्म सपाट करायला (फ्लॅटन, म्हणजे रकाने काढून मजकूर पानावर छापल्यासारखा पक्का करणं) जाऊ नका. आधी चित्र नीट काढून सेव्ह होऊ दे, सपाट मग करा.

एकेका चौकटीत एकेक अक्षर मागणारे रकाने असतात ना, ते तर मराठीत भरूच नयेत. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकाच्या हिशेबात सात: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. दहा चौकटींच्या रकान्यात ‘क्षितिज’ गेलं की तीनच चौकटी उरतात, आणि काही प्रोग्राम वेलांटीला स्वतंत्र चौकटीत एकटी बसवतात. बिचारी.

पाचवा फॉर्म आणखी वरचढ. ब्राउझरमध्ये उघडला की ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचं एक पान, आणि मग जन्मभर थांबा. हा एक्सएफए प्रकारचा. वरून पीडीएफ, आत वेगळंच एक्सएमएल. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात हा प्रकार कालबाह्य ठरवला गेला, पण लोकांच्या सर्व्हरवर तो अजून ठणठणीत आहे. अडोबीच्या रीडरमध्ये उघडतो. आत जुन्या पद्धतीची फील्डही असली तर पीडीटीकेच्या ‘ड्रॉप एक्सएफए’ने वरचं कवच काढता येतं, नसली तर काढल्यावर हाती तेच ‘कृपया थांबा’चं पान उरतं.

इथपर्यंत लिहिताना राग जरा उतरला, खरं सांगायचं तर. ज्या कुणी हे सात फॉर्म बनवले, तिला किंवा त्याला बहुधा संध्याकाळी वर्ड फाइल मिळाली असेल आणि ‘उद्या सकाळपर्यंत भरता येईल असं करून दे’ एवढंच सांगितलं असेल. फील्डला नाव असतं आणि त्यावर सगळं अवलंबून असतं, हे सांगणारं कुणी भेटलंच नसेल. सात फॉर्म सात विभागांनी सात वेगळ्या वर्षी केले असतील. त्या माणसावर काय चिडायचं.

आणि हो, एकदाच भरण्यात एक चूक सात ठिकाणी जाते, हे मान्य. निदान ती सातही ठिकाणी सारखी तरी असते. हाताने अकरा वेळा नाव लिहिताना होणाऱ्या चुका अकरा तऱ्हेच्या असतात आणि मग ‘नावात तफावत’ म्हणून सगळा गठ्ठा परत. दुसरं, एक्सएफडीएफ ही उघडी-वाघडी फाइल असते, कुणीही वाचू शकतं. काम झालं की पुसा, ईमेलला जोडून फिरवू नका.

सही मात्र शेवटी. डिजिटल सही केल्यावर पानं वेगळी काढली किंवा जोडली की सही मोडते. आधी भरा, मग पानं वेगळी करा, मग सपाट करायचं असेल तर करा, आणि सगळ्यात शेवटी सही.

पण पुन्हा डोकं फिरतंय ते यासाठी, की यात नुकसान एकट्या भरणाऱ्याचं नाही. परत आलेले शेकडो फॉर्म ॲक्रोबॅट एका स्प्रेडशीटमध्ये ओतून देतं, प्रत्येक फॉर्म एक ओळ, प्रत्येक फील्डचं नाव कॉलमचं शीर्षक. आता त्या तक्त्यात ‘टेक्स्ट१’, ‘अनडिफाइन्ड_२’, ‘अनडिफाइन्ड_७’ असे कॉलम आले तर कुणाला काय कळणार? मग तिथे कुणीतरी बसून एका खिडकीत पीडीएफ, दुसऱ्या खिडकीत स्प्रेडशीट असं करून सगळं हाताने उतरवणार. म्हणजे आपण अकरा वेळा लिहायचं, आणि ते बाराव्यांदा कुणीतरी बघून-बघून पुन्हा टाइप करायचं. एका पानाची नावांची यादी सातही फॉर्म बनवणाऱ्यांना वाटली असती, तर हे दोन्ही वाचलं असतं. एक पान!

असो. सहा फॉर्म तक्त्यातून भरून झाले, पाचवाही कसाबसा. सातव्याची फील्डची यादी काढायला गेलं तर पीडीटीकेने काहीच दिलं नाही. आधी वाटलं आदेश चुकला. दोनदा तपासला. मग फॉर्म मोठा करून बघितला. त्यात फील्डच नाहीत, नुसत्या छापलेल्या रेघा आहेत. भरता येण्याजोगा आहे, पेनाने.