पैसे नकोत, पूर्ण काम द्या

सुट्टीत मुलांना कामाचा तक्ता करून द्या आणि प्रत्येक कामाला थोडे पैसे द्या, असं एका लेखात सुचवलंय. तक्ता ठीक आहे. पैशाचं मला पटत नाही. आपल्या घरातलं ताट उचलायचे पैसे कसले?

आम्ही कोकणातले, वेंगुर्ल्याकडचे. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची घाई असते, त्यामुळे मुलांसाठी कामं शोधावी लागत नाहीत. फक्त सुटं काम न देता एक अख्खी जबाबदारी द्यावी. आठ-नऊ वर्षांचं मूल आंब्याची आढी (पेंढ्यात पिकत घातलेले आंबे) छान सांभाळतं: रोज सकाळी पेंढा बाजूला करून पिकलेले वेगळे काढायचे, डागी लगेच उचलायचे, नाहीतर शेजारचेही नासतात. दुसऱ्याकडे आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडून बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात बुडवून परत वाळवायची. हे कित्येक दिवस चालतं, आणि वळवाचे ढग दिसले की धावत जाऊन सूप आत आणायचं भान मुलांना आपोआप येतं.

ओले काजूगर काढायला मात्र लहानांना बसवू नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. फणसाला हात लावण्याआधी खोबरेल चोळायला सांगा. उन्हातली कामं अकराच्या आत.

आणि कृपा करून भांडी मुलीला, बाजार मुलाला असं वाटू नका. दर आठवड्याला अदलाबदल करा.