चिकटलेल्याची सोडवणूक

लसीतले प्रथिन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कणांवर घट्ट चिकटावे म्हणून एक विभाग राबतो, आणि ते प्रथिन अजून शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा कणांवरून उतरवण्याचा पगार मला मिळतो. तुरटीमुळे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच एका क्षारामुळे, टॉक्सॉइडचा (लसीसाठी निष्प्रभ केलेल्या जिवाणूविषाचा) प्रभाव वाढतो हे ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ साली दाखवले, तेव्हा माझा विचार त्यांनी केला नसावा.

माझे काम 'साबणाने धुणे' आहे असे मी एकदा घरी सांगून बसलो, आणि तेव्हापासून माझ्या पदव्यांचा मान ओसरला. पण ते खोटे नव्हते. सर्फॅक्टंटच्या, म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या, रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि पाण्याचे वावडे असलेली शेपटी असते. या शेपट्या प्रथिनाच्या पाण्याला बिचकणाऱ्या भागांना वेढतात, आणि मग प्रथिनाने कण सोडावा, अशी अपेक्षा असते. अर्थात प्रथिनावर फॉस्फेट गट असेल, तर तो अ‍ॅल्युमिनियमशी थेट बंध जोडून बसतो. अशा सोयरिकीत साबणाला कोणी विचारत नाही. तेथे बाहेरून भरपूर फॉस्फेट आणून जागेसाठी भांडण लावून द्यावे लागते.

आरंभी मी सौम्य स्वभावाचे ट्रायटन एक्स-१०० हे सर्फॅक्टंट वापरले. प्रथिनाने त्याची दखलही घेतली नाही. मग एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हे जहाल सर्फॅक्टंट आणले. त्याची भुकटी तोलताना शिंका आवरत नाहीत, द्रावण ढवळले की फेस काठाबाहेर येतो, आणि बाटली चुकून शीतकपाटात राहिली तर सकाळी आत पांढरा गाळ बसलेला असतो. एवढे लाड पुरवल्यावर ते प्रथिनाला उतरवते खरे. पण एका ग्रॅम प्रथिनाला स्वतः सुमारे १.४ ग्रॅम चिकटून त्याची सगळी घडी उलगडून टाकते. साक्षीदार हजर होतो, पण तो मूळचा कसा दिसत होता हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा पाहण्यापुरते हे चालते. घडी ओळखणारी प्रतिपिंडे मात्र त्याला ओळख दाखवत नाहीत.

शिवाय जुना नमुना ताज्यापेक्षा हट्टी निघतो. तशाच एका नमुन्याला मी एसडीएस, फॉस्फेट आणि थोडी ऊब देऊन दिवसभर विनवले, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव, प्रथिन भेटले की निळा होणाऱ्या ब्रॅडफर्ड अभिकर्मकात मिसळला, आणि निळा रंग पाहून 'पूर्ण सुटका' अशी नोंद करण्यासाठी पेन उघडले. तेवढ्यात नजर शेजारच्या नळीकडे गेली. तिच्यात प्रथिन घातलेलेच नव्हते, फक्त एसडीएस होते, आणि ती माझ्या नमुन्याहूनही निळी होती.