गोल फिरायलंय, सायेब

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की डेटाबेस सांभाळणाऱ्या मला आडतीवरून फोन ठरलेला. "सायेब, आजच्या पट्ट्या दिसंनात. नुसतं गोल फिरायलंय!" निदानही फुकटात मिळतं: लाईट जाऊन आली, नेट ढिलं हाय, नाहीतर रॅम वाढवा. रॅमवर आपल्या लोकांची श्रद्धा तुळजापूरच्या खालोखाल.

पट्ट्यांच्या (म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्यांच्या) टेबलात पाच कोटी ओळी आहेत असं धरा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर मी आधी क्वेरीपुढे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नापुढे, 'एक्स्प्लेन अनालाइज' लावतो; माहिती कुठून कशी शोधली त्याचा प्लॅन ते दाखवतं. (अपडेट-डिलीटला लावायचं तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच, म्हणजे केलेलं परत फिरवता येतं; अनालाइज क्वेरी खरोखर चालवतं.) प्लॅनमध्ये 'सीक्वेन्शियल स्कॅन' निघाला, की समजायचं, चार पोत्यांसाठी सगळं गोदाम उपसलंय. फिल्टरने वगळलेल्या ओळींचा आकडा लहान दिसला तरी हुरळू नका. तो दर लूपचा, म्हणजे एका फेरीचा सरासरी असतो. लूपच्या संख्येने गुणा, मग घाम पुसा.

"पण तारखेवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) हाय की!" आहे ना. क्वेरी लिहिणाऱ्या भाद्दराने कॉलमला डेट फंक्शनचं टोपरं घातलंय, आणि इंडेक्स टोपरं घातलेल्याला ओळखत नाही. आजची तारीख सुरू होते तिथपासून उद्याची तारीख सुरू व्हायच्या आत, अशी हद्द उघड्या कॉलमवर घाला. तोच इंडेक्स गुमान कामाला लागतो. नावाच्या दोन्ही बाजूंना टक्का (%, म्हणजे 'मागेपुढे काहीही चालेल') लावून 'पाटील' शोधणाऱ्यांना साधा बी-ट्री, म्हणजे नेहमीचा क्रमवार इंडेक्स, वाचवत नाही. तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा ट्रायग्रॅम इंडेक्स लागतो, आणि तो लावूनही मराठवाड्यात पाटील किती निघतील याचा विचार ज्याने त्याने करावा.

मग कुणीतरी उत्साही ऐन सौद्याच्या वेळी साधा 'क्रिएट इंडेक्स' मारतो. वाचन चालू राहतं, पण इंडेक्स बनेपर्यंत एक नवी पट्टी आत जात नाही. 'कन्करंटली' लावा, म्हणजे लिहिणं चालू ठेवून इंडेक्स बनतो. ते मध्येच फसलं तर मागे 'इनव्हॅलिड' इंडेक्स उरतो: क्वेरीच्या कामाचा नाही, लिहिण्यावर मात्र बोजा. तो आधी ड्रॉप करा.

अपडेट-डिलीटनंतर मागे उरलेल्या मेलेल्या ओळी आपोआप झाडणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचा मूळ 'स्केल फॅक्टर' 0.2. म्हणजे पाच कोटींच्या टेबलात सुमारे एक कोटी ओळी मेल्यावर झाडू निघणार! त्या टेबलापुरता 0.01 करा, पाच लाखांवर निघेल.

एवढं करून प्लॅन चोख, तरी पट्टीची दुरुस्ती सेव्ह होईना? 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' या फंक्शनला विचारा, वाट कुणी अडवलीय. बहुतेकदा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार अर्धवट ठेवून गप्प बसलेलं कनेक्शन, निघतं: मुनीमजींनी तीच पट्टी दुरुस्तीला उघडी ठेवलेली असते, आणि मुनीमजी जेवायला गेलेले असतात.