सकाळचे दोन तास सेल्सवाल्याला सोडा

आज पुन्हा तेच. भर साडेदहाला सगळ्या सेल्स टीमला ऑनलाइन बसवलं आणि विषय काय, तर टाइम मॅनेजमेंट! अहो, कस्टमर जागेवर सापडतो तो याच वेळेत. साडेबारानंतर तो मीटिंगमध्ये, मग जेवायला, मग "उद्या या".

समोर नेहमीची स्लाइड. पॅरेटोचा ८०-२० नियम. मोजक्या कस्टमरकडून बहुतेक धंदा येतो, त्यांना जास्त वेळ द्या. एकदम कबूल. पण द्यायचा कधी? सकाळी प्लॅन कॉल, दुपारी ग्रुपवर "स्टेटस?", संध्याकाळी डेली रिपोर्ट, रात्री तेच सगळं सीआरएममध्ये, म्हणजे कस्टमरच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि पुन्हा एक्सेलमध्ये, कारण वरच्यांना एक्सेलच लागतं.

आमच्या टीममधला एक पोरगा. एका परचेस हेडची भेट मिळावी म्हणून कित्येक महिने चपला झिजवल्या त्याने. शेवटी वेळ मिळाली, रिसेप्शनवर ताटकळला आणि साहेब बाहेर आले नेमका तेव्हाच मॅनेजरचा फोन. "लाइव्ह लोकेशन टाक आधी. शीट का भरली नाहीस?" फोन कट करायची हिंमत होणार कुणाची? तो "हो सर, हो सर" करत राहिला आणि साहेब गाडीत बसून निघून गेले. रिव्ह्यूमध्ये शेरा काय? फॉलोअप कमी पडतो. संताप होतो हो!

फिरत्या विक्रेत्याचं कोडं गणितात प्रसिद्ध आहे. १० ठिकाणी एकेकदा जाऊन निघालो तिथे परत यायचं, तर १,८१,४४० वेगवेगळे मार्ग निघतात. आमचा माणूस गाडीला किक मारायच्या आधी ते मनातल्या मनात सोडवतो. वर कोण अकराच्या आत भेटतो, कुणाचं पेमेंट अडकलंय, कुणाला कोटेशन आजच हवंय, हेही त्याच डोक्यात. आणि त्याला वेळेची किंमत कळत नाही म्हणता?

काही जण घरी बसून व्हिजिट टाकतात, मान्य. पण त्यांच्यापायी रिसेप्शनवर ताटकळणाऱ्या त्या पोराला का वेठीला धरता?

मॅनेजरच्याही मागे वरून दट्ट्या असतो, दिसतं मला. महिनाअखेरीला त्याचाही चेहरा बघवत नाही. म्हणूनच माझ्या फ्रेंड लिस्टमधल्या मॅनेजर मित्रांनो, भांडत नाही, विनवतो. सकाळचे ते दोन तास टीमला फोन करू नका. रिपोर्ट संध्याकाळी घ्या, एकदाच, एकाच ठिकाणी.

आणि बाळा, तू हे वाचत असशील तर रिसेप्शनवर पोचलास की फोन सायलेंट कर. कुणी ओरडलं तर माझं नाव सांग.