दयाळाच्या हद्दीत स्पीकर लावू नका

गेल्या रविवारी मावशीकडे गेले, तर गॅलरीच्या कठड्यावर ब्लूटूथ स्पीकर. त्यातून दयाळ पक्षी शीळ घालत होता. “अगं, सात दिवसांत गाणारे पक्षी येतात म्हणे,” असं म्हणत तिनं फोन पुढे केला. ‘छोट्या बागेत पक्षी बोलवा’ हा मेसेज तिला भिशीच्या ग्रुपवर आला होता. संध्याकाळपर्यंत तोच मला सोसायटीच्या ग्रुपवरही आला. सात कलमं आहेत त्यात, आणि मावशीनं एव्हाना निम्मी अमलात आणली होती. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं कलम तेच: ‘रोज पहाटे अर्धा तास दयाळाचं रेकॉर्डिंग लावा, आवाज ऐकून पक्षी येतात.’

येतात. पण का येतात? दयाळाचे विणीचे दिवस साधारण मार्च ते जुलै. या दिवसांत नर उंच फांदीवर, अँटेनावर बसून गातो तो आपली हद्द सांगण्यासाठी आणि मादीसाठी. हद्दीत दुसऱ्या नराची शीळ ऐकू आली की तो घुसखोराला हाकलायला धावतो. शेपटी ताठ, चोच वर, सारखी इकडून तिकडे धाव. खरा घुसखोर असता तर दोन झेपांत निकाल लागला असता. स्पीकरमधला घुसखोर दिसतही नाही आणि पळूनही जात नाही. रात्रभर उपाशी राहिलेल्या पक्ष्यानं पहाटे किडे टिपायचे, मादीजवळ राहायचं, पिल्लं असतील तर त्यांना भरवायचं. तो वेळ आपण त्याला नसलेल्या शत्रूशी भांडायला लावतो.

मावशीच्या मागच्या आवारात जुन्या आंब्याला ढोली आहे आणि दयाळाची जोडी तिथे ये-जा करते. म्हणजे जो पक्षी मुळात तिथलाच होता, त्यालाच ती चार दिवस छळत होती, तेही मायेनं. “बघ, कसा नाचतो!” म्हणाली. मावशी, तो नाचत नव्हता गं. मी तिथल्या तिथे स्पीकर बंद केला. विणीच्या काळात आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, ही शिस्त जाणते पक्षीनिरीक्षक कसोशीनं पाळतात. मेसेज लिहिणाऱ्याला तिचा पत्ताही नाही.

दुसरं कलम मला सगळ्यांत मूर्खपणाचं वाटतं: ‘कोळिष्टकं काढा, दर आठवड्याला कीटकनाशक फवारा, स्वच्छ बागेत पक्षी रमतात.’ शिंजीर (सनबर्ड) आपलं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानंच बांधून काढतो. शिंपी पक्षी घरट्यासाठी पानं शिवतो तेव्हाही तोच धागा वापरतो. आणि पिल्लांना काय भरवतात? अळ्या, कोळी, बारीक किडे. मधावर जगणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो शिंजीरही पिल्लांना किडेच भरवतो. लिंबाच्या रोपाची चार पानं अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्या. त्या अळ्या टिपायलाच शिंपी कुंड्यांमध्ये उतरतो.

तिसरं कलम लाल रंग घातलेल्या साखरपाण्याचं. हे खूळ अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठीच्या बाटल्यांवरून आलेलं दिसतं. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीतच. रंगाची गरज कुठल्याच पक्ष्याला नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ते पाणी बघता बघता आंबतं. त्यापेक्षा कुंडीत जास्वंद, हमेलिया किंवा कर्दळ लावा. कढीपत्त्याला मोठा होऊ द्या, छाटत बसू नका. त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आपण होऊन येतात.

चौथं कलम खाऊ पसरण्याचं. तांदूळ, शेव, बिस्किटं पसरून ठेवली की कबुतरं येतात, दयाळ नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाल्यावरही हे सांगावं लागतं, याचा राग येतो. पाचव्या कलमातली टांगायची लाकडी घरटी चिमणीला चालतात, कधी दयाळालाही. बुलबुल, शिंजीर, शिंपी त्यात फिरकत नाहीत. त्यांना दाट झुडूप आणि मांजर पोचणार नाही अशी फांदी हवी.

‘चिमण्या मोबाईल टॉवरमुळे संपल्या’ हे सहावं. २०२० मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरातल्या साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदी त्यामागे आहेत. देशाचा एकत्रित विचार केला तर पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, असं तो सांगतो. मुंबईसारख्या महानगरांत त्या कमी झाल्या हे खरं, म्हणून हे कलम पूर्ण खोटं म्हणता येत नाही. पण टॉवरला दोष द्यावा असा भक्कम पुरावा अहवालाला मिळालेला नाही. किड्यांची घट आणि घरट्यांना जागा नसणं ही संभाव्य कारणं त्यात आहेत. म्हणजे पुन्हा तेच, किडे. आणि हाच मेसेज दुसऱ्या कलमात ते मारायला सांगतो!

सातवं कलम पाण्याचं. ते बरोबर आहे, मान्य. फक्त भांडं पसरट हवं, पाणी दोन बोटांहून खोल नको आणि रोज ओतून, घासून पुन्हा भरायला हवं, नाहीतर आठवड्याभरात त्यातून डास बाहेर पडतात. मावशीनं ठेवलेलं पितळी पातेलं मी आत नेलं आणि कुंडीखालची मातीची थाळी धुऊन कठड्यावर ठेवली. पाय टेकायला आत एक खडबडीत दगडही ठेवला.