प्रत मोफत दिली म्हणे!

एफआयआरच्या फॉर्मवर शेवटी शेवटी एक मजकूर छापलेला असतो. फिर्याद वाचून दाखवली, ती बरोबर नोंदवल्याचं फिर्यादीने मान्य केलं आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत दिली. खाली आपण सही करायची. मी केली. प्रत मिळाली त्यानंतर सोळा दिवसांनी, आणि त्यासाठी कागदाचं एक रीम विकत आणून द्यावं लागलं. थांबा, पहिल्यापासून सांगते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मंडईबाहेरून माझी अ‍ॅक्टिव्हा गेली. पंधरा मिनिटं. मेथीची जुडी आणि दुर्वा घेऊन बाहेर येते तर गाडीच्या जागी कुणाची तरी सायकल स्टँडवर लावलेली. क्षणभर मलाच वाटलं, मी दुसऱ्या दारातून बाहेर आले की काय. दोन फेऱ्या मारल्या, टोइंगवाल्यांकडे चौकशी केली आणि पिशवी तशीच घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

ठाणे अंमलदार अगदी प्रेमाने बोलले हो. "ताई, आधी आजूबाजूला बघा. पोरंटोरं फिरवायला नेतात, परत आणून लावतात. दोन-तीन दिवस वाट बघू. तोवर एक साधा अर्ज देऊन ठेवा." घाबरलेल्या माणसाला कुणी "बघू" म्हटलं की बरं वाटतं. मी अर्ज दिला. एक शहाणपण तेवढं केलं, अर्जाच्या झेरॉक्सवर गोल शिक्का आणि आवक नंबर मागितला. तेवढ्यावरून असा चेहरा केला, जसं काही मी त्यांची किडनी मागितली.

आता हे "अर्ज देऊन ठेवा" म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. अर्ज म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे. अर्ज म्हणजे ठाण्याच्या आकडेवारीत एक चोरी कमी. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय की चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवायलाच हवा, साहेबांच्या मर्जीचा प्रश्न नाही. नव्या कायद्यात म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक पळवाट आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पण त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. माझ्या अर्जावर परवानगी कुणाची होती? टेबलावरच्या गार चहाची.

पाचव्या दिवशी गुन्हा दाखल झाला. रायटरने, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिक पोलिसाने, टाइप करायला घेतलं. पोलिसी मराठीची एक वेगळीच मजा असते. "अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने माझ्या संमतीशिवाय चोरून नेली" वगैरे. मी आयुष्यात कधी "लबाडीच्या इराद्याने" म्हटलेलं नाही, पण ठीक आहे. मग आला एक रकाना: तक्रार देण्यास विलंबाचं कारण. रायटरने माझ्याकडे न बघता खटाखट टाइप केलं: "मी गाडीचा आजूबाजूस शोध घेतला, परंतु ती मिळून न आल्याने आज रोजी तक्रार देत आहे."

मी म्हटलं, अहो, मी त्याच संध्याकाळी आले होते! तुम्हीच थांबायला सांगितलंत!

"ताई, तसं लिहीत नाहीत. हे सगळ्यांचंच असं असतं."

सगळ्यांचंच असं असतं! म्हणजे उशीर त्यांचा आणि कबुलीजबाब माझा. ह्या एका ओळीने पुढे माझं किती रक्त आटवलं ते विचारू नका. विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच: एफआयआरला पाच दिवस उशीर का? गाडी गेल्या-गेल्या पोलिसांत खबर दिली असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. माझं नेमकं उलटं. कंपनीला दुसऱ्याच दिवशी कळवलेलं आणि एफआयआर पाचव्या दिवसाचा. तो किडनीवाला शिक्का नसता तर दावा तिथेच मेला असता.

तर प्रत. गुन्हा नोंदवला की माहितीची प्रत खबर देणाऱ्याला ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची, हे पूर्वी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १५४(२) मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १७३(२) मध्ये आहे. ताबडतोब. मी पहिल्या दिवशी विचारलं तर साहेबांची सही व्हायची होती. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. गणपती होते, मान्य. तिसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन. चौथ्या खेपेला प्रिंटरला कागद नाही. तिथे माझं डोकं फिरलं. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, रीम घेतलं, टेबलावर ठेवलं. रायटरने ते कपाटात सरकवलं आणि म्हणाला, "उद्या या."

त्या रात्री भाचा म्हणाला, मावशी, एफआयआर तर ऑनलाइन असतात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेशच दिला होता: संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका. नेट नसलेल्या दुर्गम भागाला थोडी सवलत. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर प्रकाशित एफआयआरचं पान आहे. जिल्हा निवडा, ठाणं निवडा, तारीख टाका, ती वेडीवाकडी अक्षरं ओळखा. माझी तीनदा चुकली. चौथ्यांदा यादी आली आणि त्यात माझा गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर! गुन्हा नोंदवल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकलेला! म्हणजे सगळं जग माझी फिर्याद वाचू शकत होतं, लबाडीच्या इराद्यासकट, फक्त मला "साहेबांची सही व्हायचीय".

सकाळी प्रिंट घेऊन ठाण्यात गेले, म्हटलं ह्यावर शिक्का द्या. रायटरने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि अत्यंत संशयाने विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?"

तुम्हीच! तुमच्याच वेबसाइटने! मी काय गुप्तहेर आहे?

शिक्का मिळाला. सोळावा दिवस.

मला वाटलं, झालं. पण विमा कंपनीला नुसता एफआयआर चालत नाही, त्यांना अ समरी लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना न्यायालयाकडे समरी मागतात. अ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. ब म्हणजे तक्रारच खोटी. क म्हणजे खरी-खोटी असं काही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. चोरीची गाडी मिळाली नाही की अ समरी, आणि ती न्यायालयाने मंजूर केल्याची नक्कल जोडली की मग कंपनी पैशांचं बघणार. त्यातला फरक समजावून सांगायला ठाण्यात एकही माणूस नव्हता, तो मला एका टायपिंगवाल्याने कोर्टाबाहेर सांगितला. देव त्याचं भलं करो.

तपासाचं काय चाललंय हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, हेही नव्या संहितेत आहे, कलम १९३(३). मला नव्वद दिवसांत काय कळवलं? शून्य. तपासी अंमलदारांना फोन केला की "तपास चालू आहे, ताई, काही मिळालं की सांगतो." मग त्यांची बदली झाली. नव्यांना केसच माहीत नाही.

मग मी माहिती अधिकार काढला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा असतो, तो मिळवायला तीन विक्रेते पालथे घातले. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. बरं. मोजून लिहिला: चोरीच्या दिवसाच्या स्टेशन डायरीतल्या माझ्या अर्जासंबंधीच्या नोंदी, अर्जावर केलेली कार्यवाही, मंडईच्या सीसीटीव्हीसाठी कुणाला पत्र पाठवलं असल्यास त्याची प्रत. ठाण्यात पहिला प्रश्न: "कशाला पाहिजे?" कलम ६(२) म्हणतं कारण विचारायचं नाही. दुसरं वाक्य: "इथे नाही, वरच्या ऑफिसला द्या." कलम ६(३) म्हणतं, चुकीच्या जागी आला तर पाच दिवसांत तुम्हीच योग्य जागी पाठवा. हे मी म्हटलं, अगदी हळू आवाजात म्हटलं, तर शेजारचा हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "आरटीआयवाल्या आहेत." तेव्हापासून मला खुर्ची मिळणं बंद.

अहो, हा कायदा आपल्या राज्याने देशाच्या आधी केला! केंद्राचा २००५ चा, आपला २००२ चा, आणि त्याच्यासाठी अण्णा हजारे उपाशी बसले होते. त्या राज्यात माहिती मागणारी बाई म्हणजे उपद्रवी.

तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर. कुणीतरी कॅलेंडर बघून बसलेलं असणार. उत्तर दोन ओळींचं: प्रकरण तपासाधीन असल्याने कलम ८(१)(एच) अन्वये माहिती नाकारण्यात येत आहे. आता, तपास चालू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच म्हटलंय. माझ्या अर्जाच्या आवक नोंदीने कुठल्या चोराला सावध व्हायला होणार होतं?

मी वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. आणि अपिलाची सुनावणी यायच्या आतच, टायपिंगवाल्याच्या सल्ल्याने कोर्टात चौकशी केली, तर काय कळलं? अ समरीचा अहवाल पोलिसांनी केव्हाचाच पाठवलेला. तारीख बघितली. "तपासाधीन" असं मला लिहून देण्याच्या तीन आठवडे आधीची!

तीन आठवडे आधी कोर्टाला लिहिलं, भरपूर शोध घेतला, आरोपी मिळून येत नाही, भविष्यातही मिळून येण्याची शक्यता नाही. आणि मला लिहिलं, तपास चालू आहे, सांगता येत नाही. एकाच ठाण्यातून. सुनावणीत मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही वाचले, आणि म्हणाले, "मॅडम, आता मिळालं ना तुम्हाला? मग अपील निकाली काढू." चुकीची माहिती देणाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड कायद्यात आहे. पण तो माहिती आयोगाने लावायचा, म्हणजे दुसरं अपील, म्हणजे अजून काही वर्षं. माझी गाडीच आठ वर्षं जुनी होती हो. तिच्यापेक्षा अपील जास्त जगायचं.

समरी मंजूर झाल्याची नक्कल कोर्टातून मिळाली. त्याची कहाणी सांगत नाही, तिथला कारकून तरी माणसासारखा वागला. कागद कंपनीला दिले. आणि गेल्या मंगळवारी दुपारी फोनवर टुण्ण वाजलं.

ई-चलान. माझ्या अ‍ॅक्टिव्हाचं. हेल्मेट नाही. सोबत फोटो, स्वच्छ, रंगीत: माझी गाडी, माझा नंबर, डाव्या बाजूचा तो ओरखडासुद्धा, आणि वर निळा शर्ट घातलेला एक इसम, आरामात. चौकाचं नाव, तारीख, वेळ मिनिटापर्यंत. ही नोंद मिळवायला मला अर्ज करावा लागला नाही. स्टँप नाही, रीम नाही, साहेबांची सही नाही. घरपोच. मोफत.

प्रिंट काढून ठाण्यात गेले. तेच टेबल, तोच रायटर. त्याने फोटो जवळ धरून पाहिला, खरंच खूश झाला बिचारा.

"अरे वा, ताई, म्हणजे गाडी गावातच आहे की! एक अर्ज देऊन ठेवा. आणि ह्याच्या दोन झेरॉक्स आणा बाहेरून."